बॅचलरेट ट्रिप, पोर्तो रिको: नऊ जणी, चार रात्री

केळवण_कमिटी:
मैत्रिणीचं लग्न डिसेंबरअखेर पुण्यात आहे. त्याआधी नोव्हेंबरात, भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात, गुरुवार ते सोमवार बॅचलरेट ट्रिप करायची आहे. नवरी धरून नऊ जणी, न्यूजर्सी, डॅलस आणि सिएटलहून येणार. कॅरिबियनमधलं बेट हवं एवढंच नक्की आहे. अरुबा, बार्बाडोस आणि पोर्तो रिको ही नावं चर्चेत आहेत. तिघी शाकाहारी, दोघींना पोहता येत नाही. नवरीसकट तिघींचा एच-१बीचा (नोकरीच्या व्हिसाचा) पासपोर्टवरचा स्टॅम्प संपलाय, त्या डिसेंबरात भारतात नवीन करून घेणार. दोघी एफ-१वर (विद्यार्थी व्हिसावर) आहेत. बाकीच्या ग्रीन कार्डवाल्या किंवा सिटिझन.

"खूप मज्जा करा" सोडून काहीही लिहा.

कागदपत्रं_काकू:
बेट नंतर निवडा, आधी नऊ पासपोर्ट एका ओळीत मांडा.

स्टॅम्प संपलेला असताना अमेरिकेबाहेर जाऊन परत येण्याची एक सवलत आहे, ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन. एच-१बीला ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे, तीही ३० दिवसांच्या आत परतलात तर. कॅरिबियन बेटं त्यात येतात ती एफ आणि जे व्हिसावाल्यांसाठी, आणि त्यातही क्यूबा नाही. म्हणजे तुमच्या एफ-१वाल्या दोघी अटींत बसत असतील तर बार्बाडोसहून परत येतील आणि नवरी तिकडे अडकेल. घोळ नेहमी इथेच होतो. एकीने युनिव्हर्सिटीच्या पानावर "जवळची बेटं चालतात" असं वाचलेलं असतं, ती ते ग्रुपवर टाकते आणि सगळ्या ते स्वतःला लागू समजतात.

अरुबाला अमेरिकेचं इमिग्रेशन तिथल्याच विमानतळावर होतं. कागद कमी पडला तर अमेरिकेच्या विमानात चढताच येत नाही.

पोर्तो रिको हा अमेरिकेचाच भाग, त्यामुळे तिथे जाणं म्हणजे देशाबाहेर पडणं नव्हेच. स्टॅम्प लागत नाही. विमानतळावर ओळखपत्र म्हणून चालू मुदतीचा भारतीय पासपोर्ट पुरतो. तरी एच-१बीवाल्यांनी आय-७९७ची (मंजुरीपत्राची) प्रत आणि आय-९४चा (प्रवेशनोंदीचा) प्रिंट, एफ-१वाल्यांनी आय-२० (युनिव्हर्सिटीचा कागद) आणि ग्रीन कार्डवाल्यांनी मूळ कार्ड जवळ ठेवायचंच. फोटो काढून फोनमध्ये ठेवलाय, हे पुरेसं नाही.

सेंट थॉमस आणि सेंट जॉन हीही अमेरिकेचीच बेटं आहेत, पण तिथून मेनलँडला परतताना विमानतळावर कस्टम्सवाले कागद तपासतात. त्याहून मोठा खड्डा म्हणजे तिथून निघणाऱ्या दिवसभराच्या बोटी. त्यातल्या बऱ्याच शेजारच्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सला जातात आणि तो परदेश आहे. दुपारच्या बोटीवर मजेत बसलेली मुलगी कायद्याने अमेरिकेबाहेर गेलेली असते. क्रूझचंही तेच.

केळवण_कमिटी:
काकू, दंडवत. पोर्तो रिको नक्की. नवरीची मावसबहीण पुण्याहून यायचं म्हणतेय, ती दहावी होईल.

कागदपत्रं_काकू:
तिला अमेरिकेचा बी-१/बी-२ (पर्यटक) व्हिसा लागेल. आधीच असेल तर उत्तम. नसेल तर तिच्यासाठी सगळा बेत लटकत ठेवू नका, तिला लग्नातच भेटा. भारतीय पासपोर्टला व्हिसाविना चालतं ते बार्बाडोस. लंडनहून ब्रिजटाउनला थेट विमानं आहेत, पण लंडनला नुसतं विमान बदलायलाही भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेचा चालू व्हिसा वगैरे असेल तर त्यातून सूट मिळते.

भरती_ओहोटी:
नोव्हेंबरबद्दल. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. ऐन भर सप्टेंबरच्या दहा तारखेच्या आसपास असतो, त्यामुळे नोव्हेंबरचा मध्य म्हणजे शेपूट. धोका कमी, पण शून्य नाही. विमा घ्यायचा तर तिकिटांसोबतच घ्या. वादळाला नाव पडलं की ती "माहीत असलेली घटना" होते आणि त्यानंतर काढलेल्या पॉलिसीत ते धरत नाहीत. "कुठल्याही कारणाने रद्द" प्रकारची पॉलिसी बहुधा पहिले पैसे भरल्यापासून थोड्याच दिवसांत घ्यावी लागते.

पोर्तो रिकोचं घड्याळ वर्षभर एकच असतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी न्यूयॉर्कचं घड्याळ मागे गेलं की पोर्तो रिको त्याच्या एक तास पुढे. डॅलसहून दोन तास, सिएटलहून चार. सिएटलवालीला सकाळी सातची बोट म्हणजे पहाटेचे तीन. पहिल्या सकाळी काहीही बुक करू नका.

समुद्र: नोव्हेंबरपासून उत्तर किनाऱ्यावर अटलांटिकच्या मोठ्या लाटा यायला लागतात. राजधानी सान हुआनमधलं कोंदादो आणि ओशन पार्क उत्तरेलाच आहे. हॉटेलसमोरची वाळू सुंदर दिसते, पण पाण्यात खोल समुद्राकडे ओढणारा प्रवाह असतो आणि सगळीकडे लाइफगार्ड नसतो. न पोहणाऱ्या दोघींसाठी कोंदादोच्या टोकाला, लगूनच्या पुलाजवळ, प्लायिता नावाचा छोटा आडोशाचा किनारा आहे, तिथे न्या. लाइफगार्ड, शौचालय आणि शॉवर हवे असतील तर "बाल्नेआरिओ" लिहिलेला सार्वजनिक किनारा शोधा: शहरात एस्काम्ब्रॉन, इस्ला व्हेर्देला कारोलिना, पूर्वेला लुकियो. पोहणारी ओढली गेलीच तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडायचं आणि मग किनाऱ्याकडे यायचं. हे नऊही जणींना बोटीवर बसायच्या आधी सांगा, पहिल्या ग्लासानंतर कोणी ऐकत नाही.

निवडुंग:
घराबद्दल. कोंदादो, ओशन पार्क की जुनं सान हुआन हा वाद ग्रुपवर होणारच. नऊ जणींसाठी ओशन पार्क किंवा त्याच्या मागची काये लोइसा बरी. घरं मोठी मिळतात, किनारा आणि खाणं चालत अंतरावर. जुन्या सान हुआनमध्ये दगडी रस्ते, अरुंद जिने, पार्किंगची बोंब आणि पोहायला किनारा नाही. ते एका संध्याकाळसाठी ठेवा.

"दहा जण झोपू शकतात" वर जाऊ नका, पलंग मोजा. त्या दहात हॉलमधला सोफा-कम-बेड धरलेला असतो आणि एसी बहुधा बेडरूमपुरताच असतो. हॉलमध्ये झोपणारी दुसऱ्या दिवशी तोंड पाडून बसते. नऊ जणींना किमान तीन बाथरूम हवीत, कारण सगळ्या एकाच वेळी तयार होणार आहेत.

आता खरी गोष्ट. पोर्तो रिकोची वीज भरवशाची नाही. ३१ डिसेंबर २०२४ला आणि नंतर १६ एप्रिल २०२५ला जवळजवळ अख्खं बेट अंधारात होतं, छोटी भारनियमनं तर चालूच असतात. बुकिंगच्या आधी यजमानाला लेखी विचारा:

बॅकअप जनरेटरचा आहे की सोलर-बॅटरीचा, आणि त्यावर एसी चालतात की फक्त दिवे आणि फ्रिज?
पाण्याची टाकी किती गॅलनची? तिचा पंप त्याच बॅकअपवर आहे का?

दुसरा प्रश्न लोक विसरतात. टाकी भरलेली, पण पंपाला वीज नाही म्हणून नळ कोरडे, आणि नऊ जणींच्या केसांत समुद्राची वाळू. फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्टबद्दलही विचारा.

"पार्टी चालणार नाही" ही अट बहुतेक घरांना असते. बॅचलरेट आहे हे लपवू नका. रात्री दहानंतर अंगणात स्पीकर लावणार नाही असं आपणहून लिहून पाठवा. नाव नोंदवलेल्यापेक्षा एकही माणूस जास्त नको.

चिंचेचा_कोळ:
निवडुंगशी सहमत. पैशाचं मी लिहिते, भांडणं तिथेच होतात.

भाड्याच्या घरावर ७ टक्के रूम टॅक्स. हॉटेलवर ९, कसिनो असलेल्या हॉटेलवर ११, शिवाय रिसॉर्ट फी वेगळी. समजा चार रात्रींचं भाडं २,८०० आणि साफसफाई २५० डॉलर, दोन्हींवर कर धरला तर ३,२६३.५० झाले. साइटची सर्व्हिस फी आणखी वेगळी. नवरीचा वाटा बाकीच्या उचलणार असतील तर भागाकार आठने: ४०८ डॉलर. नऊने केला तर ३६३. हा पंचेचाळीसचा फरक पहिल्याच दिवशी ग्रुपवर लिहून टाका. नवरीचं काय काय फुकट, हेही लिहा. माझं मत: घर, बोट आणि एक जेवण. विमानाचं तिकीट तिचं तिने काढावं.

घराचे पैसे एकीच्या कार्डावर जातात, म्हणून बुकिंगच्या आधी प्रत्येकीचा वाटा जमा झाला पाहिजे. जिने पैसे दिले नाहीत तिचा पलंग नाही. यजमानाची फुकट रद्द करण्याची शेवटची तारीख असते, त्याच्या आठवडाभर आधीची आपली तारीख ठेवा. नंतर गळणारीने वाटा भरायचा किंवा बदली आणायची.

विक्रीकर ११.५ टक्के. रेस्टॉरंटमधल्या तयार जेवणावर बऱ्याच ठिकाणी ७ लागतो, दारूवर मात्र पूर्ण. टीप १८ ते २०. नऊ जणींच्या टेबलावर ती बिलात आधीच घातलेली असण्याची शक्यता मोठी, म्हणून बिलात "प्रोपिना" (टीप) दिसतंय का बघा. दिसत असेल तर खाली पुन्हा टीप लिहू नका. थकलेल्या टेबलावर दोनदा टीप जाणं अगदी सर्रास होतं.

रेषेबाहेर:
नऊ हा आकडा फार त्रासाचा आहे. आठ किंवा दहा करता आल्या तर बघा.

उबर एक्सएलमध्ये सहा बसतात, म्हणजे दर वेळी दोन गाड्या. भाड्याची सात आसनी घेतली तरी दोन उरतात. बायोबेच्या (रात्री पाणी चमकणाऱ्या खाडीच्या) कायाक, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्या, दोघींच्या असतात, नववी एकटी पडते किंवा गाइडबरोबर बसते. त्या नववीला पोहता येत असलंच पाहिजे, हे आधी ठरवा.

सगळ्यात महत्त्वाची खासगी बोट. अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या नियमाने तपासणी न झालेली छोटी भाड्याची बोट जास्तीत जास्त सहा प्रवासी नेऊ शकते, कप्तान वेगळा. त्याहून जास्त नेणाऱ्या बोटीला सर्टिफिकेट ऑफ इन्स्पेक्शन लागतं. काही जण "तुम्ही बोट भाड्याने घेताय, कप्तान तुमचा" अशी बेअरबोटची पळवाट सांगतात. त्यात बारापर्यंत चालतात हे खरं, पण मग कप्तान तुम्ही निवडायचा असतो, मालकाने गळ्यात मारायचा नसतो. इन्स्टावर दिसणारी, नऊ जणींना रोख पैशात नेणारी स्पीडबोट बहुतेक वेळा यातल्या कशातच बसत नाही. समुद्रात कोस्ट गार्डने अडवली तर सहल तिथेच संपते, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो.

म्हणून विचारायचं एवढंच: "तपासणी प्रमाणपत्रावर किती प्रवासी लिहिलेत?" ज्याला उत्तर माहीत आहे तो लगेच सांगतो. गोलगोल बोलायला लागला की पुढचा.

सोपा मार्ग म्हणजे पूर्व किनाऱ्यावरच्या फाहार्दोहून निघणारं मोठं कॅटामरान (जोडनावेसारखी बोट), सीटवर तिकीट. सकाळी निघून इकाकोस किंवा पालोमिनो बेटाजवळ नांगर टाकतात, स्नॉर्कल, जेवण, मग रमपंच, आणि दुपारी परत. स्नॉर्कल आधी, दारू नंतर. या क्रमावर कॅटामरानवाले अडून बसतात आणि त्यांचं बरोबर आहे. न पोहणाऱ्या दोघी लाइफ जॅकेट घालून शिडीजवळ राहिल्या तरी मासे दिसतात. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग नाही. मागच्या बाजूला, मध्यावर बसायचं आणि क्षितिजाकडे बघायचं, फोनकडे नाही.

भरती_ओहोटी:
बायोबेचं नाव निघालंच आहे तर.

पोर्तो रिकोत रात्री पाणी निळं चमकणाऱ्या तीन खाड्या: व्हिएकेस बेटावरची मॉस्किटो बे, फाहार्दोची लागूना ग्रांदे आणि नैर्ऋत्येला ला पार्गेरा. पायरोडिनियम नावाचे सूक्ष्म जीव पाणी हललं की चमकतात. मॉस्किटो बे सगळ्यात तेजस्वी, पण तिथे पोहायला २००७पासून बंदी आहे. फाहार्दोतही पोहू देत नाहीत. पाण्यात उतरता येतं ते फक्त ला पार्गेराला, आणि ते सान हुआनहून दोन तासांवर आहे. तुमच्या बेतात फाहार्दोच बसतं, शहरापासून साधारण तासाभराचं. लास क्रोआबासहून कायाक निघतात आणि तिवरांच्या बोगद्यातून वल्हवत खाडीत जायचं असतं. जाऊन-येऊन दोन तास धरा. पायात भिजले तरी चालतील असे बूट घाला. अंगावर डासांचा स्प्रे किंवा सनस्क्रीन अजिबात नको, ती रसायनं त्या जीवांना मारतात. लांब बाह्या घाला. प्यायलेल्यांना कायाकमध्ये बसवत नाहीत.

चमक दिसणं न दिसणं चंद्रावर आहे. टूरवाले "रोज दिसते" म्हणतात, ते अर्धसत्य आहे. चमक रोज असतेच, पण पौर्णिमेच्या उजेडात तुमच्या डोळ्यांना ती दिसत नाही. इथे कालनिर्णय काढा. शुक्ल पक्षात चंद्र सूर्यास्तालाच आकाशात असतो आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा मावळतो, म्हणून शुद्ध पक्षातल्या पहिल्या पाच-सहा तिथींना रात्रीची शेवटची फेरी घ्यायची. कृष्ण पक्षात उलट. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत जेवण खोळंबतं ना, तोच अंधाराचा तुकडा तुमचा. वद्य चतुर्थीनंतर संध्याकाळची पहिली फेरी उत्तम. वाईट दिवस म्हणजे शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंतचे.

तुमच्या बाबतीत लक्ष्मीपूजनाची अमावास्या नुकतीच गेलेली. भाऊबीजेनंतरच्या शुक्रवारी चंद्र चतुर्थी-पंचमीचा असेल, साडेनऊच्या आत मावळेल. साडेआठनंतरची फेरी मिळाली तर ती घ्या. तारखा झकास आहेत, आठवडाभर पुढे ढकलू नका.

फोनमध्ये चमक येत नाही. रील्सची आशा सोडा, नाहीतर नऊ पेटलेल्या स्क्रीननी जे दिसत होतं तेही जाईल.

सातू:
व्हिएकेस-कुलेब्रा बेटांवर एक रात्र का नको? कुलेब्राच्या फ्लामेन्को बीचसारखा किनारा सान हुआनजवळ नाही.

रेषेबाहेर:
किनारा अप्रतिम आहे, वाद नाही. चार रात्रींत नऊ जणींना घेऊन मी तरी जाणार नाही.

फेरी सेइबाहून सुटते, सान हुआनहून गाडीने सव्वा तास. तिकीट दोन डॉलरच्या आसपास, व्हिएकेस अर्धा तास, कुलेब्रा पाऊण तास. स्वस्त म्हणून सगळे धावतात. तिथल्या रहिवाशांना प्राधान्य असतं, ते रास्तही आहे, त्यांचा तो रोजचा रस्ता आहे. तिकीट ऑनलाइन आधी काढायचं, तासभर आधी हजर राहायचं. समुद्र खवळला की फेरी रद्द. भाड्याची गाडी फेरीवर चढवायला कंपन्या मनाई करतात, म्हणजे गाडी सेइबाला लावून पलीकडे पुन्हा जीप किंवा गोल्फ कार्ट. नऊ जणींना दोन. छोटं विमान हा दुसरा मार्ग, पण त्यात आठ-नऊ आसनं, प्रत्येकीचं वजन विचारतात आणि बॅग मऊ आणि छोटीच लागते. नऊ जणींचं वजन काउंटरवर मोठ्याने! ग्रुप तिथेच फुटेल.

जायचंच असेल तर शुक्रवार-शनिवार जा. सोमवारी विमान असताना रविवारची रात्र तिकडे काढायची नाही. व्हिएकेसच्या पूर्व भागात २००३पर्यंत नौदलाची बॉम्बफेकीची सरावभूमी होती. कुंपणाच्या आत जायचं नाही, वाळूत गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावायचा नाही.

माझा क्रम असा. गुरुवारी पोचणं, जवळच जेवण. शुक्रवारी सकाळी उशिरा दोन गाड्या घ्यायच्या, एल युंकेच्या जंगलात फेरफटका, लुकियोच्या किऑस्कोंवर (टपऱ्यांवर) खाणं, रात्री बायोबे. शनिवारी त्याच गाड्यांनी कॅटामरान, संध्याकाळी गाड्या परत. रविवारी जुनं सान हुआन, गाडीशिवाय. बायोबे आणि बोट एकाच दिवशी टाकू नका. बोटीवरून भाजून, पिऊन आलेल्या नऊ जणींना रात्री वल्ही मारायला लावणं ही शिक्षा आहे.

दोन्ही दिवशी दोन-दोन ड्रायव्हर कोण ते आधी ठरवा, त्यांनी थेंबही घ्यायचा नाही. रस्त्यावर अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये, वेगमर्यादा मैलात आणि पेट्रोल लिटरने. गोंधळ उडतो. टोलसाठी गाडीत ऑटोएक्सप्रेसोचा टॅग आहे का आणि त्याचं रोजचं भाडं किती, ते काउंटरवर विचारा. पंचविशीच्या आतली ड्रायव्हर असेल तर जादा पैसे.

एल युंकेला नऊच्या आत पोचलं तर गाडी लावायला जागा मिळते, तुम्ही उशिरा जाताय तेव्हा थांबायची तयारी ठेवा. तिथल्या ओढ्यात डुंबताना वर डोंगरात पाऊस पडला की पाणी अचानक चढतं. पाणी गढूळ झालं, पाचोळा वाहून यायला लागला की लगेच बाहेर.

चिंचेचा_कोळ:
शाकाहारी तिघींचं कोणीच बोललं नाही.

भात-राजमा दिसला म्हणून खूश होऊ नका. तिथे घेवड्यात बहुधा हॅम असतो आणि भात चिकनच्या स्टॉकमध्ये किंवा डुकराच्या चरबीत शिजवलेला असू शकतो. मोफोंगो म्हणजे तळलेली कच्ची केळी लसणाबरोबर खलबत्त्यात कुटतात, दिसायला आपलं, पण त्यात डुकराची कुरकुरीत कातडी कुटलेली असते. "सिन कार्ने" (मांस नको) एवढंच म्हणालात तर हॅम येतो, कारण त्यांच्या हिशेबात तो वेगळा. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन" (मांस, चिकन, हॅम नको) असं पूर्ण म्हणा, आणि भाताबद्दल "काल्दो दे पोयो?" (चिकनचा स्टॉक?) विचारा. मासे वेगळे सांगावे लागतात.

बिनधास्त खाण्यासारखं: तळलेल्या कच्च्या केळ्यांचे तोस्तोनेस, गोड पिकल्या केळ्यांचे आमारिओस, चीज भरलेलं केसितो, नारळाच्या दुधाचं तेंब्लेके. तळणीचं तेल मात्र मांस तळलेलंच असू शकतं. कडक पाळणारीने घरीच खावं.

म्हणून सकाळचा नाश्ता घरी. नऊ जणींना पोहे पाऊण किलो, कांदे पाच मध्यम. पोहे, दाणे, मोहरी, हळद, लाल तिखट मेनलँडहून पाकिटात न्या. कांदे, लिंबू, कोथिंबीर तिथल्या सुपरमार्केटात मिळते. गोडा मसाला न्यायचा मोह आवरा, चार दिवसांत कोणी आमटी करत नाही. पाणी माणशी तीन लिटर धरा, बर्फाच्या दहा पौंडी दोन पिशव्या रोज.

निवडुंग:
रात्रीचं. गुरुवारपासून वीकेंडपर्यंत सान हुआनच्या सांतुर्से भागातली ला प्लासिता रंगते. दिवसा ती भाजीमंडई, रात्री आजूबाजूचे रस्ते नाचतात. जुन्या सान हुआनला साल्सासाठी सान सेबास्तियान रस्ता. तिथे ग्लास हातात घेऊन रस्त्यावर फिरायला मनाई आहे, आणि बार कधी बंद होतो तेही आधी विचारा. २०२३मध्ये शहराने रात्री उशिरा दारूविक्रीवर मर्यादा आणलीय. पिण्याचं वय १८ आहे, त्यामुळे गर्दी कोवळी असते. ग्लास बनताना डोळ्यासमोर, मग हातात, खाली ठेवला की सोडून द्यायचा. परतताना दोन उबर, प्रत्येकीत घराचा पत्ता आणि दाराचा कोड माहीत असलेली एकजण.

रविवारी एल मोर्रो आणि सान क्रिस्तोबाल. एकाच तिकिटात दोन्ही किल्ले, १० डॉलर. एल मोर्रोसमोरच्या हिरवळीवर पतंग उडतात, नवरीचे फोटो तिथेच छान येतात. ड्रोनला बंदी आहे. दुपारी बाकार्दीची फॅक्टरी बघायची तर जुन्या सान हुआनहून कातान्योला ५० सेंटची फेरी आहे.

हीलियमचा सिलिंडर विमानात नेता येत नाही. सॅश, बॅनर आणि हवेने फुगणारी अक्षरं न्या.

सातू:
लग्नाला सहा आठवडेच राहतात, नवरी काळवंडेल त्याचं काय? सासूबाईंच्या आधी फोटोग्राफर बोलेल.

भरती_ओहोटी:
सहा आठवड्यांत टॅन बराच उतरतो. उतरत नाही ती स्ट्रॅपची रेघ, खांद्यावर आणि पाठीवर. ब्लाउजचा गळा खोल असेल तर ती हळदीच्या फोटोत दिसते. लांब बाह्यांचा स्विमशर्ट घाला, तोच एक उपाय खात्रीचा. सनस्क्रीन पूर्ण अंगाला एका वेळी ३० मिलिलिटरच्या आसपास लागतं आणि दर दोन तासांनी, पाण्यातून आल्यावर लगेच. केबिन बॅगेत चालणारी १०० मिलिलिटरची बाटली म्हणजे तीन वेळा. नऊ जणींना ती एका सकाळीही पुरत नाही, मोठ्या बाटल्या तिथेच घ्या. कपाळ आणि भांग विसरला जातो, टोपी घाला.

डासांसाठी डीईईटीचा स्प्रे रोज संध्याकाळी, बायोबेची रात्र सोडून. २०२४च्या मार्चमध्ये पोर्तो रिकोने डेंग्यूची आणीबाणी जाहीर केली होती. लग्नाच्या तोंडावर ताप नको.

केळवण_कमिटी:
नऊच राहतोय. मावसबहिणीला व्हिसा नाही. एकटीच्या कायाकला डॅलसवाली तयार आहे, ती पट्टीची पोहणारी. कॅटामरानचे पैसे चौघींनी भरले, बाकीच्या आज रात्रीपर्यंत. घराच्या यजमानाने जनरेटर आहे म्हणून कळवलं, पंपाबद्दल गप्प आहे, पुन्हा विचारते. शेवटचं: परत येताना काय आणता येईल? घरी कॉफी आणि फळं मागितलीत.

कागदपत्रं_काकू:
पंपाचं उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका.

परतताना सान हुआन विमानतळावर एअरलाइनच्या काउंटरआधी शेतीखात्याचं बॅग स्कॅनिंग असतं. चेक-इनची आणि हातातली, दोन्ही बॅगा त्यातून जातात. तिथे एक रांग, सुरक्षेला दुसरी, म्हणून सोमवारी अडीच तास आधी पोचा. भाजलेली कॉफी चालते, रमची बंद बाटली चेक-इनमध्ये चालते. ताजं अननस आणि अव्होकाडो चालतात. आंबा आणि रामफळाच्या जातीतलं ग्वानाबाना काढून घेतात, तिथेच खाऊन निघा.